लूलूसाठी धरलेलं झाड

हुफूफजवळ, सौदी अरब
२० नोव्हेंबर १९९०

गफूरमामू, सलाम.

तुम्ही उत्तर देणार नाही हे मला ठाऊक आहे. मी सौदीला आल्यापासून दिलं नाहीत, आता कशाला द्याल? पण हे पत्र खुशालीचं नाही, कामाचं आहे. कामाचं विचारायला आलेल्याला तोंड फिरवायचं नाही, असं तुम्हीच वाडीवाल्यांना सुनावता. वाचून तुमची जोहराच दाखवत असेल. जोहरा, सावकाश वाच, मधे मधे हसू नको.

मी बागेत सुपरवायझर आहे असं अम्मीला कळवलं होतं. बाग खरी आहे. खजुराची, एवढी मोठी की आपल्या श्रीवर्धनच्या चार वाड्या आत मावतील. पण खजुराला माझा हात लागत नाही. माझा कफील, म्हणजे इथला मालक, अबू सालेह, त्यानं मुलीच्या हट्टापायी एक जनावर घेतलंन होतं, जेद्द्याला, बलद बाजारातल्या कुणा व्यापाऱ्याकडून, दूधपितं असताना. ते मी सांभाळतो. त्याला ओरांगउटान म्हणतात. वांदर समजू नका, शेपूट नाही. हात पायांपेक्षा लांब, अंगभर केस, आणि रंग म्हणजे थेट पिकल्या सुपारीचा. मादी आहे. नाव लूलू, म्हणजे मोती.

लहान होती तेव्हा तिला फ्रॉक घालायचे, टेबलावर बसवून बाटलीनं दूध पाजायचे, फोटो काढायचे. मग वाढली. एक दिवस पोरीचा हात चावलीन. तेव्हापासून पंपघरामागे लोखंडी पिंजरा, आणि पिंजऱ्याबाहेर मी. दुसरं कोणी जवळ जायला तयार नव्हतं. मला माणसांचा हुकूम ऐकण्यापेक्षा ती बरी वाटली.

आता काम सांगतो. शेजारच्या दूध कंपनीत गाईंचे डॉक्टर आहेत, देवदत्त नावाचे, पुण्याकडचे. मराठी बोलायला म्हणून माझ्याकडे येतात, चहा पितात. लूलूचे लोक बोर्निओ नावाच्या बेटावर जंगलात राहतात. तिथे एक केंद्र आहे. चोरून विकलेली, आई मेलेली पिल्लं तिथे आणतात, वाढवतात आणि परत जंगलात सोडतात. डॉक्टरांनी त्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, घेऊ. पण जागा थोडी आहे, म्हणून आधी तिची व्हिडिओ टेप पाठवा. आपली आपण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना दिसली पाहिजे. जमिनीवरच बसणारी जंगलात जगत नाही.

आणि आमची लूलू झाडाखाली उभी केली की माझ्या पायाला मिठी मारते.

जमलं नाही तर काय, तेही ठरलंय. अबू सालेहचा एक दोस्त हॉटेल काढतोय. पोहायच्या हौदाशेजारी पिंजरा, गिऱ्हाइकांनी बाजूला उभं राहून फोटो काढायचे. अबू सालेह दुष्ट नाही, पण कंटाळलाय. म्हणाला, ‘उन्हाळ्यापर्यंत तुझी. मग खलास.’

तर विचारायचं ते हे. एका पोफळीवरून दुसऱ्या पोफळीवर जायला माणसाला शिकवतात कसं? सुपारी उतरवताना तुम्ही जमिनीला पाय न लावता अख्खी वाडी पार करता. मी चढतो आणि उतरतो, पलीकडे कधी गेलो नाही, तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर सांगत होते की ही जनावरं जंगलात झाड हलवून हलवून पलीकडचं झाड पकडतात. मी म्हटलं, डॉक्टर, यात काय नवल, आमचे मामू रोज तेच करतात. (जोहरा, ही ओळ गाळ.)

अम्मीला सांगा, इराकनं घेतलेलं कुवेत इथून लांब आहे.

हाशम


१५ डिसेंबर १९९०

मामू,

पत्र पोचलं असेल असं धरून लिहितो. नसेल पोचलं तर जोहरा, हे आधी वाचून त्यांना आधीचं विचारू नको, गोंधळ होईल.

मी माझ्या अकलेनं सुरू केलं. पायात दोरीचा फास घातला, जसा तुम्ही पहिल्या दिवशी घातलात, आणि खजुरावर चढलो. मामू, खजूर म्हणजे पोफळ नव्हे. सगळ्या अंगाला तुटक्या झावळ्यांचे खुंट, फास अडकतो, नडगी सोलून निघाली. आणि चढून उपयोग काय, खजूर जागचा हलत नाही. आपला जुना खोत बरा, तो तरी सणाला वाकायचा.

मग बागेच्या कडेला गेलो. तिथे वाळू अडवायला सुरूची झाडं लावलीत, आपल्या बंदरावर असतात तशी, रांगेनं. उंच, बारीक, आणि हलतात. लूलूला पाठीवर बांधली आणि चढलो. वर गेल्यावर झाड झुलवायला लागलो तर तिनं माझे केस असे धरलेनी की मीच ओरडलो. खाली पाकिस्तानी माळी उभे होते. एक म्हणाला, ‘अरे हाशम, कौन किसको सिखा रहा है?’ दुसरा म्हणाला, ‘दोनों में से जो पहले उतरे, वो आदमी.’ मी आधी उतरलो. ती पाठीवरच होती, तेव्हा त्यांनी तोही निकाल लावला नाही.

रस्त्यानं अमेरिकन फौजेचे ट्रक चाललेत, एकामागे एक, वाळूच्या रंगाचे. आमच्या खोलीतले दोघे केरळवाले एक्झिट घेऊन घरी गेले. अबू सालेहनं मला पण विचारलंन. मी म्हटलं, बघू.

तुम्ही का बोलत नाही ते मला माहीत आहे. तुम्हाला वाटतं, शिकवलं आणि फुकट गेलं. मला वाटतं, पासपोर्ट आला, मी गेलो, तरण्या माणसानं दुसरं काय करायचं? यावर आपलं भांडण होऊ दे. समोरासमोर होऊ दे. पण पोफळीचं तेवढं सांगा. भांडणात त्या जनावराचा काय संबंध?

हाशम


२२ जानेवारी १९९१

मामू,

हे पत्र कधी निघेल कोण जाणे, विमानं बंद आहेत. तरी लिहितो.

लढाई सुरू झाली, तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. अम्मीला सांगा की हाशम जेद्द्याला गेला, तिथे काही नाही. खरं तर अबू सालेह बायकापोरं घेऊन जेद्द्याला गेला. ट्रकमधे माझ्यासाठी जागा होती. मी विचारलं, लूलू? तो म्हणाला, ‘लूलूला दाणापाणी ठेव, दार उघडं ठेव, बाकी अल्लाची मर्जी.’ मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्यानं माझ्याकडे बघितलंन, मग किल्ल्यांचा जुडगा काढून दिलान आणि ‘यल्ला’ म्हणून गेला. रागावला नाही. मला वाटलं होतं रागावेल.

डॉक्टर पण आहेत. मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात? म्हणाले, ‘गाई दूध द्यायच्या थांबल्यात का?’ मग म्हणाले, ‘घरी लिहिलंय, जेद्द्याला गेलोय म्हणून.’ दोघे हसलो.

खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्यात. भोंगा वाजला की दाराच्या फटीत ओला टॉवेल, विषारी वायू आत येऊ नये म्हणून. इथे काही पडलेलं नाही, ऐकू येतं तेवढंच.

पण एक गोष्ट झाली. परवा सकाळी तिला सुरूंखाली घेऊन बसलो होतो, आणि दोन विमानं इतकी खालून गेली की माझ्या हातातला कप पडला. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर येणार. नाही आली. पळत गेली आणि झाडावर चढली. सरळ, न थांबता, शेंड्यापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

मग उतरेना. मी वर गेलो, शेजारी बसलो. ती एका हातानं खोड धरून माझ्या कानात बोट घालून बघत होती. वरून जग केवढं लहान दिसतं ते मी विसरलो होतो.

म्हणजे चढणं झालं, मामू. आता पलीकडे जाणं.

हाशम


१० फेब्रुवारी १९९१

मामू,

जोहराचं पत्र मिळालं! डिसेंबरअखेरचं. जेद्द्याला शराफिया मोहल्ल्यात म्हसळ्याच्या माणसाचं दुकान आहे, आपल्या लोकांची पत्रं तिथेच येतात, तिथे येऊन पडलं होतं. अबू सालेहचा ड्रायव्हर काल बागेचं डिझेल बघायला आला, त्याच्या हाती आलं. मी तीनदा वाचलं आणि मग डॉक्टरांना वाचून दाखवलं.

तिनं लिहिलंय, ‘अब्बा काही सांगत नाहीत. पडवीत बसून आडकित्ता चालवतायत आणि भिंतीशी बोलतायत. भिंत काय ऐकते ते मी लिहून घेते.’ आणि मग भिंतीनं ऐकलेलं असं:

‘पाठीवर कशाला घेतलंन गाढवानं? पाठीवरचं पोर पाठ शिकतं, झाड नाही शिकत.’

‘झाड हलवायचं नसतं. त्याचा झोका तो घेतो. तो परतीला लागला की आपलं वजन टाकायचं, एवढंच.’

‘हात नव्या झाडाला लागला तरी पायांनी जुनं सोडायचं नाही. घाईचा माणूस पाय आधी सोडतो. या घरात एक होता तसला.’

‘आणि शिकवणाऱ्यानं आधी स्वतः पलीकडे जायचं. गेल्यावर मागच्याचं झाड ओढून, आपल्या झाडाशी जोडून धरायचं. तो येईपर्यंत धरायचं. हाका मारायच्या नाहीत, खेचायचं नाही. नुसतं धरायचं.’

हे शेवटचं वाचलं आणि डॉक्टर उठून उभे राहिले. गाडीतून केंद्राचं छापील पुस्तक आणलं, पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. ओरांगउटानाची आई. एका हातानं हे झाड धरलंय, दुसऱ्या हातानं ते, मधे ताणून बसलीय, आणि पोर तिच्या अंगावरून चालत पलीकडे जातंय. डॉक्टर म्हणाले, ‘हे आपण आधीच वाचायला हवं होतं रे, मी नुसते आजारांचे धडे वाचत बसलो. तुझ्या मामूंना बोर्निओला पाठवलं पाहिजे.’ मी म्हटलं, ते श्रीवर्धन सोडून म्हसळ्याला जायचं तरी कुरकुरतात.

मग डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. दोघांना एकदमच सुचलं की आधी मला पलीकडे जावं लागणार.

तुम्ही एकदा माझ्यासाठी पोफळ धरली होतीत, तरी मी आलो नव्हतो. तुमचे हात कापत होते आणि तोंडानं शिव्या चालल्या होत्या, माझ्या बापापासून सगळ्यांना. मला तेव्हा वाटायचं की शिव्या मला घालताय. आता वाटतं, त्या हातांना घालत असाल, अजून जरा दम धर म्हणून.

जोहरा, पत्राच्या तळाला तू जे बारीक अक्षरात लिहिलंयस ते मी डॉक्टरांना वाचून दाखवलं नाही. उत्तर तोंडी देईन.

हाशम


५ मार्च १९९१

मामू,

लढाई संपली. इथे मात्र दिवसा दिवे लावावे लागतात. कुवेतच्या विहिरी जळतायत, त्याचा धूर वारा फिरला की इथवर येतो. पांढरा शर्ट वाळत घातला तर काजळ पडतं. लूलूचे केस पुसले की फडकं काळं होतं. सूर्य आहे, पण जुन्या तव्यासारखा दिसतो.

मी पलीकडे गेलो.

कसा गेलो ते सांगतो, कारण तुम्ही विचारणार नाही. सुरूच्या वरच्या भागात जाऊन बसलो. वारा होता. झाड जात होतं, येत होतं. मी काही केलं नाही. परतीला लागलं की वजन टाकलं. हळूहळू झोका एवढा झाला की पलीकडच्या सुरूच्या काड्या तोंडाला लागायला लागल्या. हात घातला. हात लागला! आणि तिथे, मामू, पाय आपोआप सुटायला निघाले. मी मोठ्यानं ओरडलो, ‘पाय सोडू नको, गाढवा!’ अगदी तुमच्या आवाजात. खाली डॉक्टर दचकले. मग दुसरा हात नेला, एक पाय नेला, दुसरा नेला. आणि मागचं झाड सुटून फाडकन सरळ झालं, मी पलीकडे.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

लूलू मागच्या झाडावर होती. मी तिचं झाड ओढलं आणि धरलं. ती बघत राहिली. हात भरून आले. तिनं एक काडी तोडलीन, चघळलीन, थुंकलीन. मी हाक मारली नाही. तोंडावर आलेली हाक गिळणं किती कठीण, ते तुम्हालाच माहीत. शेवटी हात सुटला, झाड गेलं परत. ती खाली उतरली आणि पिंजऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ‘तू दमलायस, आज राहू दे.’ मी म्हटलं, दमलोय तर खरं.

पण गेलो. धरलं. आणि शिव्या सुरू केल्या. मला पण आता कळलंय त्या कशाला असतात. शिव्या चालू होत्या, आणि मामू, माझ्या मनगटावर काहीतरी टेकलं. तिची बोटं. लांब, काळी, गार. मग ती माझ्या हातावरून आली, खांद्यावर आली, डोक्यावर पाय देऊन वर शेंड्याकडे गेली. माझ्याकडे आलीच नव्हती ती. तिला पलीकडे जायचं होतं, मी मधे होतो एवढंच.

डोक्याला खरचटलंय. हसतोय.

हाशम


२५ एप्रिल १९९१

मामू, ईद मुबारक, उशिरा का होईना. मामीला, अम्मीला, जोहराला पण.

रोज धरायचो, आणि रोज थोडं कमी धरायचो. आधी झाडं पुरती जोडून, मग वीतभर फट ठेवून, मग हातभर. फट दिसली की ती ओरडायची, ओठ पुढे काढून माझ्यावर फुरफुरायची. डॉक्टर म्हणायचे, ‘शिव्या देतेय तुला.’ मग रमजानात एका दुपारी मी पाण्याच्या पाइपाचं काम करत होतो, रोजा होता, वर चढायचं त्राण नव्हतं. मान वर केली तर लूलू सुरूच्या शेंड्यावर. एकटी. झाड गेलं, आलं. परतीला तिनं वजन टाकलंन. मामू, शप्पथ, कोणी सांगितलं नव्हतं. गेलं, आलं, हात गेला. पाय शेवटपर्यंत सोडलेनी नाहीत. माझ्यापेक्षा चांगली गेली.

मी पाइप तसाच टाकला. पाणी वाहून गेलं निम्मी बाग.

मग व्हिडिओची भानगड. अबू सालेह जेद्द्याहून परत आला होता, त्याच्याकडे कॅमेरा आहे. खांद्यावर घेऊन आला. आणि कॅमेरा दिसल्याबरोबर आमची बाई सरसर झाडावरून खाली, जमिनीवर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, मान तिरकी. लहानपणी फोटोसाठी बसवायचे ना, तशी! हलेना. कॅमेरा आहे तोवर ती तशीच. अबू सालेह म्हणाला, ‘जंगल नाही, हिला स्टुडिओ पाहिजे.’ पण त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. त्याची मुलगी म्हणे जेद्द्याला रोज विचारते, लूलू काय करते.

दुसऱ्या दिवशी तोच पंपघराच्या पत्र्यावर पोटावर पडून राहिला. अंगावर गोणपाट, गोणपाटाला भोक, भोकातून कॅमेरा. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या थोबवर, म्हणजे पायघोळ झग्यावर, ग्रीसचे डाग. उन्हात तापलेल्या पत्र्यावर हूं की चूं न करता पडला होता. लूलू आली, इकडे तिकडे बघितलंन, चढली. एक सुरू, दुसरा, तिसरा. चौथ्याची फांदी काडकन मोडली. पण पायांनी तिसरा धरलेला होता. उलटी लोंबकळली, विचार केलान, वर आली आणि दुसऱ्या बाजूनं गेली. रांग संपेपर्यंत गेली.

अबू सालेह पत्र्यावरून उतरला. टेप काढून डॉक्टरांच्या हातात दिलीन. रुमालानं तोंड पुसलंन. मग मला म्हणाला, ‘हॉटेलवाल्याला मीच सांगतो.’

आज केंद्राची तार आली. घेतायत.

लूलूच्या रक्ताची तपासणी आधीच झाली, छातीचा एक्स-रे झाला, सगळं साफ. सोबत एक ओळखीचा माणूस पाठवा असं तारेत आहे. अबू सालेहनं माझा पासपोर्ट आणि इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोन्ही टेबलावर ठेवलेनी आणि म्हणाला, ‘परत यायचं असेल तर जागा आहे. नसेल तर तेही मोकळेपणानं सांग.’ मी म्हटलं, कळवतो.

तुमचा निरोप पण याच आठवड्यात पोचला. या वेळी जोहरानं ‘अब्बा भिंतीशी बोलतायत’ असं लिहिलेलं नाही. ‘अब्बा सांगतायत’ असं लिहिलंय. ‘फांदीवर भरवसा ठेवू नको म्हणावं, खोडावर ठेव.’ हे फांदी मोडायच्या आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण लूलूला ते आपसूकच माहीत होतं.

हाशम


साबा, बोर्निओ
११ जुलै १९९१

मामू,

इथले लोक मलय आहेत. सलाम केला की सलाम येतो, पुढे भाषा संपते, मग हातवारे. भात आहे, मासा आहे, नारळ आहे. घरी आल्यासारखं वाटतं, फक्त ओळखीचं कोणी नाही.

प्रवासात लूलू खोक्यात होती, मी खोक्याच्या भोकातून बोट आत ठेवून बसलो होतो. पोचल्यावर तिला आधी वेगळी ठेवली, काही रोग जंगलात जायला नको म्हणून. मग रोज सकाळी जंगलाच्या कडेला नेऊ लागले. इथे लहान पिल्लं हातगाडीत घालून नेतात, सहा-सात एका गाडीत, एकमेकांच्या गळ्यात हात घालून बसलेली, शाळेत निघाल्यासारखी. एकाचा हात छाटलेला आहे. एक अजून रात्रभर रडतं. त्यांना रोज कोणीतरी झाडापाशी नेतं, कोणीतरी वर जातं. माणसं कमी पडतात.

मी एका पिल्लाला तुमच्या पद्धतीनं झाड धरून दाखवलं. इथे ते दोरखंड बांधून शिकवायचे. रखवालदार बाई आहेत, त्यांनी बघितलं, मग स्वतः चढल्या आणि दुसरं झाड धरलं. पन्नाशीच्या असतील. खारीसारख्या चढतात. संध्याकाळी त्यांनी हातवारे करून विचारलं, हे कोणी शिकवलं? मी पोफळीचं चित्र काढून दाखवलं, त्यावर एक म्हातारा. मिशा मी जरा जास्त काढल्या.

त्यांनी राहशील का विचारलंय. केंद्राच्या साहेबांनी पण नोकरीचा कागद दाखवला. मी म्हटलं, राहीन, पण आधी एकदा घरी जाऊन येतो. मला खोडावरून खोडावर नीट जाता येत नाही अजून, सुरूवर जमलं ते नशीब. हे शिकून येतो म्हटलं. तर मामू, पावसाळा संपता संपता, सुपारी उतरवायच्या वेळेला मी श्रीवर्धनला पोचतो. बोलायचं नसेल तर बोलू नका, झाडावर बोलायची गरज पडत नाही. शिव्यांचं तुम्ही बघा. आणि जोहराच्या तळटिपेचं उत्तर मी तुमच्यासमोरच देईन, चोरून नाही.

अबू सालेहला पण लिहिलंय, वाट बघू नका म्हणून. त्याच्या मुलीसाठी लूलूचा फोटो हवा होता त्याला. काढता आला नाही. कारण सांगतो.

लूलू खालच्या ओट्यावर केळी घ्यायला यायची. मागल्या आठवड्यात एकदा आली, माझ्यासमोरून गेली, केळ उचललंन, माझ्या टोपीवर एक नजर टाकलीन आणि वर गेली. त्यानंतर आली नाही. मला काळजी वाटली, पण बाई हसल्या. त्यांचं म्हणणं, येत नाही म्हणजे वर खायला मिळतंय, चांगली खबर.

आज सकाळी तरी गेलो. नावानं हाक मारायला मना आहे, म्हणून गप्प उभा राहिलो. इथली झाडं एवढी उंच की पोफळ त्यांच्या गुडघ्याला लागेल. वर काही दिसत नाही, नुसतं पान. मान दुखायला लागली. मग बरंच वर एक झाड वाकलं. पलीकडच्याला जाऊन टेकलं, जरा थांबलं आणि सरळ झालं. मग त्याच्या पुढचं वाकलं. मग त्याच्याही पुढचं, आत आत, नदीच्या बाजूला.

मी बोट ओलं करून वर धरून बघितलं. वारा अजिबात नव्हता.

हाशम